आपलं गाव आपणच लिहू या

(कार्यकर्त्यांच्या वार्षिक शिबिरात केलेलं भाषण. वाचकांसाठी थोडं संक्षिप्त करून देत आहोत. – संपादक)



मला विषय दिला आहे ‘गावाचा इतिहास आणि आपली सेवा’. मी इतिहासाची प्राध्यापक नाही. माझ्याकडे ईश्वरविज्ञानाची पदविका आहे आणि वीसएक वर्षं पाड्यापाड्यांवर फिरण्याचा अनुभव आहे. पण गेली चार वर्षं मी नवापूर तालुक्यातल्या माझ्या माहेरच्या गावी वरचेवर जाऊन राहते आणि गावाची माहिती लिहून काढते. त्यातून जे हाती आलं ते तुमच्यापुढे ठेवते. तुमच्यापैकी बरेचजण धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, साक्री या भागांतले आहात, तेव्हा नावं बदलून हेच तुमच्या गावालाही लागू होईल.

पहिला प्रश्न तुम्ही मनात विचारलाच असेल. कुपोषण आहे, ऊसतोडीचं स्थलांतर आहे, पोरांच्या शाळा सुटताहेत, आणि ताई म्हणतात इतिहास लिहा! पोट भरल्यावरची कामं ही. मलाही गावात हेच ऐकावं लागलं. म्हणून इतिहासाचा आणि पोटाचा संबंध काय, इथूनच सुरुवात करते.

पावती

आमच्या गावातल्या पुष्कळ कुटुंबांची शेती जंगलजमिनीवर आहे. आजोबा-पणजोबांपासून नांगर चालतो, पण सातबारावर नाव नाही. 2006 चा वनहक्क कायदा आला आणि 2008 मध्ये त्याचे नियम आले. 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून जमीन कसत असल्याचं दाखवता आलं, तर आदिवासी कुटुंबाचा हक्क मान्य होऊ शकतो. पण दाखवायचं कसं? आमच्याकडचे कित्येक दावे पुराव्याअभावी परत आले. एका कार्यालयात तर पूर्ण फाईलच सापडेना, आणि लोकांना सगळं पहिल्यापासून करावं लागलं.

आता या कायद्याच्या नियमांमध्ये नियम 13 आहे. तो कार्यकर्त्यांनी पाठच करावा. कोणकोणते पुरावे चालतील याची यादी त्यात आहे. सरकारी नोंदी, नकाशे, गॅझेटिअर, जनगणना हे तर आहेच. पण त्याच यादीत जुनी विहीर आहे, दफनभूमी आहे, देवस्थान आहे, बांधबंदिस्ती आहे, वंशावळ आहे. आणि दावा करणाऱ्याखेरीज गावातल्या दुसऱ्या वृद्ध माणसाने सांगितलेली आणि लिहून घेतलेली हकिगतही आहे. असे एकापेक्षा जास्त पुरावे लागतात. म्हणजे आपल्या म्हाताऱ्या माणसाच्या तोंडच्या शब्दाला कायद्याने जागा दिली आहे. मात्र तो शब्द लिहिलेला हवा, आणि माणूस जिवंत असताना लिहिलेला हवा.

आमच्या फळीतल्या एका आजीबाईंकडे मी बसले होते. जमिनीचं बोलणं निघालं. कागद काही आहे का, विचारलं. नाही म्हणाल्या. दुसऱ्या दिवशीही नाही म्हणाल्या. चौथ्या-पाचव्या भेटीत त्यांनी पत्र्याच्या पेटीतून, लुगड्याच्या घडीतून एक पुडकं काढलं. त्यात जंगल खात्याने त्यांच्या नवऱ्याला केलेल्या दंडाच्या पावत्या होत्या. जंगलात नांगर घातला म्हणून दंड. आजीबाईंना ती घराण्याची नाचक्की वाटत होती, म्हणून इतकी वर्षं लपवून ठेवलेल्या. मी त्यांना सांगितलं, आजी, याच्यावर तारीख आहे, नाव आहे, जागेचा उल्लेख आहे. तुमचा माणूस तेव्हा तिथे नांगर चालवत होता, हे यात सरकारनेच लिहून दिलं आहे. त्यांना ते पटायला वेळ लागला. त्या पावत्या आणि शेजारच्या फळीतल्या बाबांचा जबाब जोडून त्यांच्या नातवाने दावा पुन्हा दाखल केला आहे. निकाल अजून लागायचा आहे.

जातीच्या दाखल्याचंही तसंच आहे. पडताळणीसाठी 1950 पूर्वीची नोंद किती मोलाची असते, हे ज्यांच्या मुलांचे प्रवेश अडले त्यांना विचारा. ती नोंद कुठे मिळते? जुन्या शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये, आणि जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना 14, ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो त्यात. आजोबांचं नाव तिथे कसं लिहिलं आहे, हे ठाऊक नसेल तर सापडायचं कसं? जुन्या काळी सोमवारी जन्मला तो सोम्या, आणि शाळेत मास्तरांनी दिलेलं नाव वेगळंच. घरातल्या म्हाताऱ्या माणसाने ‘तो आणि हा एकच’ असं सांगितल्याशिवाय कागद उलगडत नाही.

पवित्र शास्त्रात नहेम्याच्या सातव्या अध्यायात एक यादी आहे. वाचताना आपण ती बहुतेक वेळा ओलांडून पुढे जातो, नुसती नावं म्हणून. बंदिवासातून परत आलेल्या घराण्यांची ती यादी आहे. त्यात काही याजक घराणी अशी होती की त्यांनी वंशावळीच्या नोंदी शोधल्या आणि त्यांची नावं सापडली नाहीत. म्हणून त्यांना याजकपणापासून दूर ठेवण्यात आलं. अडीच हजार वर्षांपूर्वीची गोष्ट, पण तहसील कचेरीच्या ओट्यावर बसलेल्या कुणालाही ती समजेल. नोंद नसली की माणूस खोटा ठरतो.

साल कसं ठरवायचं

आता प्रत्यक्ष कामाबद्दल. म्हाताऱ्या माणसाला ‘तुमचा जन्म कधीचा’ असं विचारू नका. उत्तर मिळणार नाही, आणि मिळालं तर आधार कार्डावरचं मिळेल. आधार कार्डावर आमच्या अर्ध्या गावाचा जन्म 1 जानेवारीला झालेला आहे.

आपल्या माणसाचं कॅलेंडर घटनांचं असतं. मी एका वहीत आमच्या भागातल्या घटना ओळीने लिहून घेतल्या. सगळ्यात लांबची आठवण छप्पन्याच्या दुष्काळाची, म्हणजे विक्रम संवत 1956, इसवी सन 1899-1900. ती कुणाला स्वतः आठवणं शक्य नाही, पण ‘छप्पन्यात आमचा पणजा कंद उकडून जगला’ असं सांगणारी घरं आहेत. त्याच सुमाराला सुरतेकडून तापीच्या खोऱ्यातून रेल्वे आली. मग 1918 ची मानमोडीची साथ. मग 1922-23 मधली देवीची चळवळ. पालघरच्या किनाऱ्याकडून निघून डांग आणि दक्षिण गुजरातच्या आदिवासींमध्ये ती पसरली. अंगात आलेली देवी सांगायची, दारू सोडा, रोज आंघोळ करा, दारूच्या पीठेवाल्याकडे जाऊ नका. डेव्हिड हार्डिमन या अभ्यासकाने तिच्यावर 1987 मध्ये इंग्रजीत एक पुस्तक लिहिलं. त्यासाठी त्यांनी सरकारी दप्तरं चाळलीच, पण गावांत जाऊन वृद्ध आदिवासींच्या आठवणीही गोळा केल्या. बाहेरच्या देशातला माणूस येऊन आपल्या म्हाताऱ्यांना विचारतो, मग आपल्याला काय अडचण आहे?

पुढे 1 मे 1960. त्या दिवशी मुंबई राज्याची दोन राज्यं झाली आणि पश्चिम खानदेशातल्या नवापूर, नंदुरबार, तळोदा, अक्कलकुवा या तालुक्यांतली काही गावं गुजरातला गेली. बहीण महाराष्ट्रात आणि भाऊ गुजरातेत, अशी घरं आमच्याकडे पुष्कळ आहेत. तिकडे ते गामीत लिहितात, इकडे आपण गावित किंवा मावची लिहितो, कुळ एकच. नवापूरच्या रेल्वे स्टेशनातून राज्याची सीमा जाते. लोक तिथल्या बाकड्यावर बसून अर्धे इकडे, अर्धे तिकडे असे फोटो काढतात. माझ्या मामेबहिणीला मात्र दोन राज्यांचे दाखले घेऊन फिरावं लागलं, तिला त्या बाकड्याचं कौतुक नाही.

त्यानंतर उकाई धरण. सोनगड-उच्छल भागातली गावं तापीच्या पाण्याखाली गेली आणि पाहुणेरावळे विस्कटले. 1972 चा दुष्काळ, लाल ज्वारी आणि सुकडी. 1998 मध्ये 1 जुलैला धुळ्यातून निघून नंदुरबार वेगळा जिल्हा झाला. फेब्रुवारी 2006 मध्ये नवापुरात बर्ड फ्लू आला आणि कोंबड्या मारून पुरल्या. 2018 च्या ऑगस्टमध्ये रंगावलीला पूर आला.

ही वही घेऊन बसलं की काम सोपं होतं. ‘बाबा, बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही केवढे होता?’ ‘गुरं राखायचो.’ ‘लग्न झालं तेव्हा उकाईचं पाणी भरलं होतं का?’ ‘नाही, नवरीला नदी उतरून आणली.’ झालं, दोन-चार वर्षांच्या फरकाने साल मिळालं. तुम्ही धडगाव-अक्कलकुव्याकडचे असाल तर तुमच्या वहीत सरदार सरोवराचं पाणी येईल. त्या दोन तालुक्यांतली 33 गावं त्या धरणाने बुडवली. नर्मदाकाठच्या त्या गावांचे शेत-नाले ज्यांच्या डोक्यात आहेत, ती माणसं आता वसाहतींमध्ये म्हातारी होताहेत.

कुणाला आणि केव्हा विचारायचं

ऑक्टोबरनंतर गावात जाऊन उपयोग नाही. तरणी माणसं बारडोली-सुरतेकडे ऊसतोडीला गेलेली असतात आणि म्हातारी नातवंडं सांभाळण्यात गुंतलेली असतात. होळीला सगळे परततात, तेव्हापासून पेरणीपर्यंतचा काळ चांगला. घरात बसवून मुलाखत घेण्यापेक्षा त्यांच्याबरोबर चाला. बाबांना घेऊन नाल्याच्या कडेने निघालात की प्रत्येक खडकाला नाव असतं. आमच्या गावात अडीच तासांच्या चालण्यात मला चौतीस नावं मिळाली. त्यातली तीन-चार सोडली तर बाकीची कुठल्याही सरकारी नकाशावर नाहीत. सामूहिक वनहक्काच्या दाव्यात हद्द दाखवावी लागते तेव्हा हीच नावं कामी येतात.

बायकांना विचारा, आणि पुरुष समोर नसताना विचारा. पुरुष माणूस जमीन, भांडण आणि निवडणूक सांगतो. बाई कुठल्या साली कोणती भाजी नाहीशी झाली, कुणाचं मूल कशाने गेलं, डोंगरावरचा कोणता झरा आधी आटला, हे सांगते. चिंचपाड्याच्या मिशन दवाखान्याची सुरुवात 1942 ची, असं लिहिलेलं मिळतं. पण पहिल्यांदा तिथे बाळंतपणाला जाताना लोकांना कशाची भीती वाटत होती, बैलगाडीत काय अंथरलं होतं, नर्सबाईंशी कोणत्या भाषेत बोलणं झालं, हे मला एका आजीकडूनच कळलं.

आपल्या बोलीतच विचारा. मावची, भिली, पावरी, कोकणी, जी असेल ती. मराठीत विचारलं की माणूस अर्जाच्या भाषेत बोलू लागतो. मोबाईलवर आवाज नोंदवा, पण आधी विचारून, आणि कशासाठी ते सांगून. काही गोष्टी ते ‘हे लिहू नको’ म्हणून सांगतील. त्या लिहू नका.

ऐकलेलं सगळं खरंच असतं असं नाही. आठवण पुढेमागे होते, आपल्या घराण्याची फुशारकी त्यात मिसळते. म्हणून एकच गोष्ट तीन फळ्यांमध्ये विचारा. आमच्या गावाचं नाव एका झाडावरून पडलं असं एक फळी सांगते, एका कारभाऱ्याच्या नावावरून पडलं असं दुसरी सांगते. मी दोन्ही लिहून ठेवलं. कोणतं खरं याचा निवाडा माझ्याकडे नाही.

कागदही पाहा. लक्षात ठेवा, आपला जिल्हा नवा आहे, जुनी दप्तरं धुळ्याची. गुजरातला गेलेल्या गावांची 1960 आधीची माहितीसुद्धा पश्चिम खानदेशाच्या नावाखाली शोधावी लागते. 1880 चं खानदेशचं गॅझेटिअर वाचा, धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळासारख्या ठिकाणी जाऊन पाहा. मात्र इंग्रजांनी लिहिलेलं वाचताना मन घट्ट करा. तिथे भिल्ल म्हणजे लुटारू, आळशी, दारुडा असे उल्लेख येतात. ज्याच्या जंगलावर कब्जा करायचा त्याला आधी चोर ठरवावं लागतं. पण आजीबाईंच्या पावतीसारखंच तेही वाचता येतं. अमुक डोंगरात भिल्लांनी उपद्रव दिला असं लिहिलं असेल, तर त्या डोंगरात तेव्हा आपली वस्ती होती हे त्यांनीच मान्य केलं.

हा इतिहास कुणाचा?

आता जरा अवघड मुद्द्यावर येते. तुम्ही सगळे सेवेतली माणसं आहात म्हणून मोकळेपणाने बोलते.

मी गावात काम सुरू केलं तेव्हा दोन्ही बाजूंनी विरोध झाला. देवाची पूजा करणाऱ्या घरातले एक बाबा म्हणाले, ‘तू मिशनची. तू तुमच्या चर्चचं पुस्तक काढशील आणि आमचं नाव अंधारातले लोक म्हणून घालशील.’ आणि आमच्याच मंडळीतला एक तरुण म्हणाला, ‘ताई, देवमोगरा, वाघदेव, होळी हे सगळं आपण सोडलं. आता तेच लिहायला कशाला बसायचं?’

दोघांचंही म्हणणं मला टाकून देता आलं नाही. बाबांची शंका उगाच नव्हती. मिशनच्या जुन्या लिखाणात गावाचा जन्म मिशनरी आला त्या दिवशी होतो, त्याआधी जणू तिथे नुसतं जंगलच होतं. मिशनने शाळा काढल्या, दवाखाने चालवले, आपल्या बोलींना लिपीत बसवलं, त्याबद्दल आपण परमेश्वराचे उपकार मानतो. पण त्या शाळेसाठी कारभाऱ्याने स्वतःची ओसरी दिली होती, आणि तो कधीच ख्रिस्ती झाला नाही. त्याचं नाव आमच्या कुठल्याही अहवालात नाही. ते आता वहीत आलं आहे.

तरुणाला मी एवढंच सांगितलं की, तुझा पणजा याहामोगीच्या यात्रेला डोक्यावर टोपलं घेऊन देवमोगऱ्याला चालत जायचा. तू जात नाहीस, तो तुझा विश्वासाचा निर्णय आहे, तो तू घे. पण पणजा गेला नव्हता असं तुला म्हणता येणार नाही. ज्या रस्त्याने तो गेला, ज्या झाडाखाली थांबला, ते तुझ्या जमिनीच्या दाव्यात उद्या पुरावा म्हणून लागेल. आणि त्याहून मोठी गोष्ट, दहाव्या आज्ञेच्या आधी नववी आज्ञा आहे. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष नको. पूर्वजांविरुद्धही नको.

आज गावागावांत आदिवासींमध्ये धर्मावरून फळी पाडण्याचे प्रयत्न चालले आहेत, हे तुम्ही पाहता. दफनाच्या जागेवरूनसुद्धा वाद होतात. आमच्या गावात दफनभूमीची माहिती लिहायला आम्ही दोन्हीकडची माणसं एकत्र गेलो. कुणाचा आजा कुठे पुरला आहे हे दाखवता दाखवता लक्षात आलं की जुन्या रांगा सगळ्यांच्या एकच आहेत. त्या दिवशी कुणी मोठं भाषण केलं नाही. पण विरोध करणारे ते बाबाच पुढच्या आठवड्यात मला निरोप पाठवून म्हणाले, ‘ये, उरलेल्या नावांचं सांगतो.’

त्यांनी तीन बैठकांमध्ये सांगितलं. चौथी बैठक झाली नाही. ते वारले. त्यांच्या आवाजातले साधारण पाच तास आमच्याकडे आहेत, आणि जे विचारायचं राहिलं ते आता कुणाला विचारावं हे मला माहीत नाही.

काय करता येईल

नहेम्या यरुशलेमला आला तेव्हा त्याने लगेच बांधकाम काढलं नाही. रात्री थोडी माणसं घेऊन तो पडलेल्या तटाभोवती फिरला, कुठे काय मोडलं आहे ते डोळ्यांनी पाहिलं. मग कुणी कोणता भाग बांधला ते नावानिशी लिहिलं गेलं. त्या यादीत शल्लूमाच्या मुलीही आहेत. लूकही शुभवर्तमान लिहिण्याआधी सगळ्याचा मुळापासून शोध घेतल्याचं सांगतो. आणि यार्देन ओलांडल्यावर यहोशवाने बारा धोंडे उभे केले ते कशासाठी? पुढे मुलं विचारतील, हे धोंडे कसले, तेव्हा सांगता यावं म्हणून. आपल्या मुलांनी विचारलं तर दाखवायला आपल्याकडे धोंडे आहेत, पण त्यांची नावं विसरत चालली आहेत.

म्हणून प्रत्येक केंद्राला माझी विनंती आहे. मोठा प्रकल्प नको, निधीचा अर्जही नको. दोनशे पानी एक वही, एक मोबाईल, आणि गावातली दोन शिकलेली मुलं, शक्यतो एक मुलगी आणि एक मुलगा, एक मंडळीतला आणि एक मंडळीबाहेरचा. आधी गावातल्या सगळ्यात वयस्कर पाच जणांची यादी करा. त्यांच्याकडून घटनांची वही भरून घ्या. एक दिवस त्यांच्याबरोबर गावाच्या शिवेवरून चाला. घरातले जुने कागद पाहा, त्यांचा फोटो काढा आणि मूळ कागद त्याच घरात परत द्या. आपल्या कपाटात ठेवू नका. कागद गावाबाहेर गेला की परत येत नाही.

आणि लिहून झालं की ते ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवा. चूक असेल तर लोक तिथेच सांगतील. आमच्याकडे वाचन झालं त्या रात्री सतरा दुरुस्त्या निघाल्या, आणि मागे बसलेल्या एका बाईने उठून आपल्या सासूचं नाव घालायला लावलं. गावातली पहिली विहीर खणताना ती होती, म्हणाली. ते नावही घातलं. वहीची एक प्रत शाळेत, एक वनहक्क समितीकडे आणि एक ग्रामपंचायतीत ठेवली आहे.

पुढच्या होळीला माणसं परत येतील, तेव्हा सुरुवात करा. शक्य असेल तर होळीची वाटही पाहू नका. ज्यांना विचारायचं आहे त्यांची वयं तुम्हाला माहीत आहेत.

प्रभू तुम्हा सर्वांना या कामात बळ देवो. सलाम.